पट (उच्च प्राथमिक शाळा, खानदेश)
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील लहान गावांत सहावी ते आठवीच्या वर्गांत नाव दाखल असलेल्या मुलांची संख्या. अहिराणीत शाळेची ‘शाया’ होते, पट मात्र पटच राहतो.

प्राथमिक शाळा चौथी किंवा सातवीपर्यंत आणि हायस्कूल पाचवीपासून, ही महाराष्ट्राची जुनी घडी. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा ठरवला, पण पालकांच्या डोक्यातली घडी मोडली नाही. चौथी झाली की पुष्कळ दाखले मोठ्या गावच्या अनुदानित हायस्कूलकडे निघतात. पाचवीपासून मुलींना एसटीचा पास मोफत आहे. गाडीच वेळेवर नसेल तर पास दप्तरात राहतो आणि मुलगी गावच्या शाळेत.

या वर्गांना 35 मुलांमागे एक शिक्षक, शिवाय विज्ञान-गणित, भाषा व सामाजिक शास्त्रे यांना किमान एकेक, असे कायदा सांगतो. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर होतात तेव्हा, पद कमी होते, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून समायोजनात दुसरीकडे जातो. गणिताचे सर गेले की उरलेले पालकही दाखला मागायला येतात. आधी पट घसरला की शिकवणे, हा वाद पारावर मिटत नाही.

पट म्हणजे हजेरी नव्हे. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग विरळ होतो. पाठोपाठ ऊसतोडीला कुटुंबेच निघतात. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालवली जातात. कागदी पटाचा संशय इतका वाढला होता, की 2011 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी करावी लागली.

गुणवत्तेचे आकडे इथे जपून वाचावेत. वर्गात आठ मुले असतील तर एकाचे नापास होणे म्हणजे साडेबारा टक्के. पुढच्या वर्षी तेच शिक्षक, तेच पुस्तक, आणि निकाल शंभर. सातपुड्यात तर पावरी, भिली बोलणारे मूल गणित चुकले की प्रश्नाची मराठी अडली, हे टक्केवारीत कळतच नाही.

आठवीनंतर नववी गावात नसते. तिथे शिक्षण सुटले तरी या शाळेच्या नोंदीत ती गळती दिसत नाही. दाखला रीतसर दिलेला असतो.