रेडिएटरचं टोपण

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. मे महिन्यात खंबाटकी चढताना गाडी तापली की काट्याआधी बसणाऱ्याला कळतं. आमच्या जुन्या ओम्नीचं तेच झालं. बाजूला घेतली, पाहिलं तर कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली काठोकाठ. पण इंजिन थंड झाल्यावर रेडिएटर उघडला, तर तो चार बोटं रिकामा! बाटलीत असलेलं कूलंट आत का गेलं नाही?

याचं उत्तर टोपणात सापडतं. अनेक टोपणांवर 0.9 असा आकडा कोरलेला असतो. म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला 0.9 किलोने वाढेपर्यंत ते दाबून धरतं. कुकरचीच युक्ती. त्या दाबाला साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. दाब त्याहून वाढला की स्प्रिंग उचलली जाते आणि फुगलेलं कूलंट बारीक नळीतून बाटलीत जातं. गाडी थंड झाली की आतलं कूलंट आकसतं, पोकळी तयार होते, टोपणाच्या मधोमध असलेली चिमुकली चकती उघडते आणि बाटलीतलं कूलंट परत ओढलं जातं. गाडी असा रोज श्वास घेते. मात्र रबरी वायसर कडक झाला किंवा नळीला चीर गेली, तर कूलंटऐवजी हवा ओढली जाते. आमच्या टोपणाचा वायसर नखाने दाबूनही दबत नव्हता.

तापलेल्या गाडीचं टोपण कधीही उघडू नका, हे मी कळकळीने सांगतो. आत 110 अंशांचं पाणी असेल, तर दाब सुटताच त्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा लागते. ती थेट तोंडावर येते. रेडिएटरचा वरचा रबरी होस पाइप हातात धरवेल इतका गार आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत थांबा. मगच टोपणावर फडकं टाकून हळू फिरवा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला, म्हणजे इंजिनच्या झाकणासारख्या भागाला, तडा जाऊ शकतो, तेही टाळा.

भरायचं काय? नुसतं पाणी उष्णता उत्तम वाहून नेतं, पण लोखंड गंजवतं. बोअरच्या पाण्याचे क्षार गीझरच्या कॉइलवर बसतात तसे आतही बसतात. म्हणून गंजरोधक असलेलं कूलंट आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, निम्मं निम्मं. तयार मिश्रण आणलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. रंगावर विसंबू नका. हिरवं आणि गुलाबी एकमेकांत मिसळण्याआधी डब्यावरचा मजकूर वाचा. सांडलेलं लगेच पुसा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात.

आम्ही रेडिएटर भरला, नवं टोपण बसवलं आणि संध्याकाळी गाडी फिरवून आणली. आल्या आल्या बाटलीवर पेनाने खूण केली. सकाळी पातळी खुणेच्या दोन बोटं खाली होती आणि रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला.