पुन्हा जोडणीनंतर सुरू न होणारा संगणक

साफसफाई, रॅम वाढवणे, एसएमपीएस (आत वीज पुरवणारा डबा) किंवा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) बदलणे अशा कामासाठी उघडलेला डेस्कटॉप संगणक परत जोडल्यावर सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊनही विंडोजपर्यंत पोहोचत नाही, त्या बिघाडाची ही नोंद. उघडण्यापूर्वी संगणक चालत होता, ही इथे सर्वांत मोलाची माहिती. चांगला चालणारा भाग टेबलावर काढून ठेवला म्हणून सहसा जळत नाही. तो सैल बसलेला असतो, चुकीच्या जागी बसलेला असतो किंवा त्याची वायर लावायची राहिलेली असते. म्हणून नवा भाग विकत आणण्याआधी हात कुठेकुठे लागला होता ते आठवून तेवढेच तपासावे.

मराठवाड्यात संगणक उघडायची वेळ मुख्यतः धुळीमुळे येते. उन्हाळ्यात काळ्या रानातली बारीक माती, जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू आणि लातूरकडे डाळमिलचा भुसा हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत नमद्यासारखा बसतो. प्रोसेसर तापून संगणक आपोआप बंद पडू लागतो, मग कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला जातो. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळे सोडल्यास ते वेडेवाकडे फिरून बेअरिंग खराब होते. हवेच्या झोतापेक्षा घाईने फिरवलेल्या ब्रशनेच जास्त वायरी निघतात.

आधी बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते ठरवावे: काहीच हालचाल नाही, पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, की डिस्प्ले येतो पण विंडोज येत नाही.

काहीच हालचाल नसेल तर एसएमपीएसच्या मागचा खटका पाहावा. जुन्या एसएमपीएसवर ११५/२३० अशी लाल सरकपट्टी असते, ती २३०वरच हवी. ११५वर ठेवून वीज दिली की एसएमपीएस फुटतो. मदरबोर्डचा २४ पिनांचा रुंद कनेक्टर त्याच्या बाजूचे लॉक अडकेपर्यंत दाबावा. त्यानंतर कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर. बोर्डाच्या कोपऱ्यातल्या ९ पिनांवर बटण, रिसेट आणि दोन दिवे यांच्या जोड्या लागतात; तिथली अक्षरे इतकी बारीक असतात की मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचणेच बरे. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवल्यावर संगणक सुरू झाला, तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे.

एसएमपीएस एकटा तपासण्यासाठी तो बोर्डापासून सोडवून २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर कोणत्याही काळ्या वायरीला तारेने जोडतात. काही एसएमपीएस भाराशिवाय उठत नाहीत, म्हणून जुनी हार्ड डिस्क लावून ठेवावी. पंखा फिरला एवढ्यावर विश्वास ठेवू नये, मल्टिमीटर लावावा. पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट हवेत. जांभळ्या वायरीवर संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट असतात. ते नसतील तर बटण कितीही दाबून उपयोग नाही. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. आतल्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या वर भार राहू शकतो.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, अशी तक्रार असली की सगळ्यात आधी प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर पाहावा. तो बोर्डाच्या वरच्या कडेला, एसएमपीएसच्या आड लपलेला असतो, म्हणून हमखास विसरतो. आणि तो नसतानाही पंखे फिरत राहतात. ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा कनेक्टर याच्यासारखा दिसतो, पण वेगळा आहे. प्रोसेसरचा ४ आणि ४ असा सुटतो, कार्डाचा ६ आणि २ असा. जोर लावून बसवू नये. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डालाच लावावी.

मग रॅम. ती काढून सोनेरी पट्टी पेन्सिलच्या पांढऱ्या खोडरबराने दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने, एकाच दिशेने घासावी. काळपट थर खोडरबराला लागलेला दिसतो. चुरा कोरड्या ब्रशने झटकावा आणि पट्टीला पुन्हा बोट लावू नये. खाच जुळवून, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ दाबावे. लॉक स्वतः उठून 'टक्' असा आवाज आला पाहिजे. एक टोक अर्धा मिलिमीटर वर राहिले तरी डिस्प्ले येत नाही. दोन रॅम असल्यास एकच लावून प्रत्येक स्लॉटमध्ये फिरवून पाहावी. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन रॅमची जागा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट ही असते. डीडीआर५ प्रकारची रॅम लागणाऱ्या बोर्डावर रॅम बदलल्यानंतर पहिल्यांदा काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. त्या वेळी बटण दाबून बंद करू नये.

बोर्डाला छोटा बझर लावलेला असेल तर एक चाचणी फार उपयोगी पडते: सगळी रॅम काढून संगणक सुरू करावा. बीप आले तर प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत. बीपच्या संख्येचा अर्थ बायोसनुसार (बोर्डावरच्या, संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमनुसार) बदलतो.

हीटसिंक काढली असेल तर तपास तिथेही जातो. इंटेलच्या अनेक हीटसिंकना चार दाबखिळे असतात. खिळ्यांची डोकी मूळ स्थितीत फिरवून, समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबावेत आणि बोर्डाच्या मागून चारही टोके बाहेर आलेली पाहावीत. एक जरी सुटले तरी प्रोसेसर थोड्याच वेळात तापून बंद पडतो. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून हरभऱ्याच्या डाळीएवढी नवी पेस्ट पुरे. एएमडीच्या एएम४ प्रोसेसरला खाली १,३३१ पिना असतात. वाळलेली पेस्ट त्याला हीटसिंकसकट सॉकेटमधून उपटून आणते आणि पिना वाकतात. म्हणून आधी संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट मऊ करावी, बंद करून प्लग काढावा आणि हीटसिंक थोडी डावी-उजवी फिरवून मगच उचलावी. इंटेलच्या अलीकडच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. तिथे बोटही लावू नये.

एवढे करूनही डिस्प्ले नसेल तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवावा आणि प्रोसेसर, हीटसिंक व एक रॅम एवढ्यावरच चालवून पाहावा. डिस्प्लेची सोय प्रोसेसरमध्ये नसेल तर ग्राफिक्स कार्डही लागते. बाहेर चालला तर दोष कॅबिनेटमध्ये आहे: बोर्डाखाली जास्तीचा पितळी स्पेसर (बोर्ड ज्यावर टेकतो तो खुंटा) राहिला आहे, एखादा स्क्रू पडला आहे किंवा मागच्या पत्र्याची जीभ यूएसबीच्या पोर्टमध्ये शिरली आहे.

इथे अर्थिंगबद्दल सांगायलाच हवे. उन्हाळ्यात काळी जमीन वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते. अर्थिंग तुटले की एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर मुख्य दाबाच्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास येतात आणि हाताला मुंग्या आल्यासारखे होते. प्रवाह अगदी थोडा असला तरी चालू संगणकाला मॉनिटरची केबल लावताना पोर्ट जळू शकतो. प्लग काढूनच केबल लावावी, खड्ड्यात पाणी सोडावे आणि वायरमनकडून फेज-न्यूट्रल व फेज-अर्थ हे दोन्ही दाब मोजून घ्यावेत. ते जवळपास सारखे हवेत. एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) शेतीचे पंप सुरू असताना दाब पडतो. तेव्हा उठत नाही आणि पहाटे उठतो, असा संगणक असेल तर थकलेल्या एसएमपीएसचा संशय घ्यावा.

डिस्प्ले येऊन विंडोज येत नसेल तर बायोसमध्ये डिस्क दिसते का ते पाहावे. दिसत नसल्यास डिस्क बोर्डाला जोडणारी साटाची डेटा केबल आणि वीज केबल दोन्ही पुन्हा बसवाव्यात. डिस्क दिसत असेल तर बोर्डावरच्या नाण्यासारख्या सीआर२०३२ सेलकडे वळावे. सेल निघाला किंवा संपला की तारीख मागे जाते आणि बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतात. लेगसी आणि यूईएफआय या संगणक सुरू करण्याच्या जुन्या व नव्या पद्धती; लेगसीवर टाकलेले विंडोज यूईएफआयवर उठत नाही. साटाची पद्धत, म्हणजे बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ती सेटिंग, एएचसीआयवरून रेडवर गेली तर निळा पडदा येतो. सेल ३ व्होल्टचा असतो, २.८च्या खाली गेला असेल तर बदलून सेटिंग पूर्ववत करावी. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) सुरू असलेला संगणक अशा बदलानंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. केबल आणि पोर्ट बदलूनही डिस्क दिसत नाही व आतून टक-टक आवाज येतो, असे झाले तर पुन्हा पुन्हा सुरू करणे थांबवावे; प्रत्येक प्रयत्नाने डेटा परत मिळण्याची शक्यता कमी होते.