स्टॅन्लीहून किंग पेंग्विन बघायला जाताय? पहिल्या बोटीचं तेवढं सांभाळा

ब्युनॉस आयर्सहून निघून केप हॉर्नला वळसा घालत चिलीला जाणारी क्रूझ ज्यांनी घेतली आहे, त्यांचा आम्हाला पहिला फोन बहुतेक एकाच प्रश्नासाठी येतो: फॉकलंडला पेंग्विन नक्की दिसतील ना? दिसतील. दक्षिण अटलांटिकमधल्या या बेटांची राजधानी स्टॅन्ली. तिथून आम्ही जीपने नेतो त्या व्हॉलंटियर पॉइंट या किनाऱ्यावर किंग पेंग्विनची वसाहत बारा महिने असते. अडचण येते ती तुमची वेळ चुकते तिथे. दर हंगामात कोणाची ना कोणाची चुकतेच, म्हणून हे पत्रक.

आधी दिवसाचा हिशेब बघा. समजा जहाज सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबणार आहे. मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. ती बाहेर पोर्ट विल्यममध्ये नांगर टाकतात आणि तिथून टेंडर बोटीने, म्हणजे जहाजाच्या छोट्या बोटीने, वीस-पंचवीस मिनिटांत स्टॅन्लीच्या जेटीवर सोडतात. जेटीवरून व्हॉलंटियर पॉइंट जीपने सुमारे अडीच तास. जॉन्सन्स हार्बरपर्यंत खडीचा रस्ता आहे. पुढे साधारण १९ किलोमीटर रस्ताच नाही, माळावरून जायचं. परतीलाही तितकाच वेळ. शेवटची टेंडर साडेचारची धरली, तर आम्ही जीप पावणेचारला जेटीवर आणतो. म्हणजे पावणेनऊला निघालात तर पेंग्विनपाशी दोन तास मिळतात. पावणेदहाला निघालात तर एक.

जाण्यायेण्याचे पाच तास कोणालाच कमी करता येत नाहीत. उशीर झाला की तो थेट पेंग्विनच्या वेळातून वजा होतो. एवढं कळलं की बाकी सगळं सोपं आहे.

गेल्या हंगामात एका जीपमधलं जोडपं नाश्ता आटोपून निवांत खाली आलं. तोवर टेंडरची रांग वाढली होती. जेटीवर पोचायला पावणेदहा वाजले. त्याच जीपमध्ये नागपूरहून आलेले एक काका-काकू पहिल्या बोटीने येऊन तासभर वाऱ्यात उभे होते. चौघांनाही एकच तास मिळाला. निघताना काकू पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होत्या. ते बघून आम्हाला फार वाईट वाटलं, आणि त्यानंतर आम्ही नियम केला: ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटं थांबायचं, मग निघायचं. काहींना हा नियम कडक वाटतो. पण वेळेवर आलेल्यांनीही पूर्ण पैसे भरलेले असतात.

मग नेमकं काय करायचं? जहाजाच्या स्वतःच्या सहलींचे गट आधी उतरवतात. बाकीच्यांना टेंडरचे नंबर देतात. ते कुठे आणि किती वाजता मिळणार, हे आदल्या रात्री रिसेप्शनवर विचारून ठेवा. नाश्ता सातच्या आत. जॅकेट, टोपी, जहाजाचं कार्ड घेऊनच नाश्त्याला या. पुन्हा केबिनमध्ये जाऊन येण्यातच अर्धा तास जातो.

दुसरी तक्रार पैशांची: शहरातल्या बसफेरीपेक्षा ही सहल इतकी महाग का? एका जीपमध्ये चारच प्रवासी बसतात. इथली जमीन पीटची, म्हणजे वनस्पतींच्या कुजलेल्या थरांची. पाऊस पडला की चाकं रुततात. म्हणून जीप एकट्या जात नाहीत. तीन-चार मिळून निघतात आणि एक रुतली की दुसरी दोर बांधून ओढून काढते. ड्रायव्हर तिथलेच, कुठून गाडी घालायची हे त्यांना पाठ असतं. वसाहत खासगी शेताच्या हद्दीत आहे, तिथे माणशी प्रवेश शुल्क लागतं. आमच्या दरात ते धरलेलं आहे, तिथे वेगळं काही द्यायचं नाही.

वाऱ्यामुळे जहाजाने बंदर गाळलं, तर सहलीचे सगळे पैसे परत. या बेटांवर तसं होतं, आणि त्यात तुमची काही चूक नसते. उशिरा येऊन जीप चुकली, तर मात्र परत देता येत नाहीत. आणखी एक: आमच्यासारख्यांच्या सहलीसाठी जहाज थांबत नाही. परतीला पाऊण तास हाताशी ठेवतो तो त्यासाठीच. 'अजून दहा मिनिटं' म्हटल्यावर आम्ही ऐकत नाही, त्याचा राग धरू नका.

आता ज्यासाठी जायचं त्याबद्दल. राणीच्या बागेत जे बघितलेत ते हम्बोल्ट पेंग्विन. किंग त्यांच्यापेक्षा बरेच मोठे, जवळजवळ तीन फूट उंच, गळ्याशी नारिंगी झाक. ते घरटं बांधत नाहीत. एकच अंडं पायांवर ठेवून वर पोटाच्या कातडीची घडी पांघरतात आणि नर-मादी आळीपाळीने सुमारे ५४ दिवस उबवतात. पिल्लू मोठं व्हायला वर्षाहून जास्त लागतं, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च कधीही गेलात तरी तपकिरी लोकरीसारखी पिसं असलेली गुबगुबीत पिल्लं दिसतात. जुन्या खलाशांना ती वेगळीच जात वाटायची. शेजारीच जेन्टू आणि बिळात राहणारे मॅजेलॅनिक या जातींचे पेंग्विनही आहेत. हे मॅजेलॅनिक आपल्या हम्बोल्टचे जवळचे भाऊबंद.

पक्ष्यांपासून ६ मीटर लांब राहायचं. वसाहतीभोवती पांढऱ्या दगडांची खूण आहे, ती ओलांडायची नाही. समुद्राकडे जाण्यायेण्याच्या त्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही. तुम्ही स्तब्ध उभे राहिलात आणि एखादा स्वतःहून जवळ आला, तर येऊ द्या. हात मात्र लावायचा नाही. २०२३ साली इथे बर्ड फ्लू पोचला, म्हणून बूट आधी आणि नंतर घासून स्वच्छ करायचे, जमिनीवर बसायचं नाही, पिशवीही खाली ठेवायची नाही.

घरचा डबा, फळं जहाजावरच ठेवा, खाद्यपदार्थ किनाऱ्यावर न्यायला मनाई असते. शाकाहारी सँडविच आणि गरम चहा आम्ही ड्रायव्हरकडे आधीच सांगून ठेवतो. जैनांनी नाव देतानाच तसं कळवावं. सुरुंगांची भीती काहीजण अजून विचारतात: १९८२च्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धातले सुरुंग २०२० मध्ये काढून संपले.

पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल, तर ही सहल आम्ही तुम्हाला देणार नाही. पाच तास हाडं खिळखिळी होतात. त्याऐवजी जिप्सी कोव्हला जा. स्टॅन्लीपासून सहा-सात किलोमीटर, मॅजेलॅनिक बघायला मिळतात, आणि उरलेल्या वेळात कॅथेड्रलशेजारची देवमाशाच्या जबड्यांची कमान निवांत बघून होते. तीही व्यवस्था आम्ही करतो, निम्म्याहून कमी खर्चात.

तिथल्या भर उन्हाळ्यातही, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, दुपारी १३-१५ अंश आणि अंगावर येणारा वारा असतो. वाराप्रतिबंधक जॅकेट घ्याच, छत्रीचा उपयोग नाही. कोणते बूट चालतील ते निघण्याआधीच्या आमच्या बैठकीत दाखवतो. आपले आणलेत तर तिथेच बघून सांगू.

एका जहाजामागे आम्हाला तीनच जीप मिळतात, म्हणजे बारा जागा. नाव देताना जहाजाचं नाव, स्टॅन्लीची तारीख, पोचण्या-सुटण्याची वेळ आणि प्रत्येकाचं वय लिहा. जहाजाच्या कंपनीने वेळ बदलली तर लगेच कळवा, जीप त्याच दिवशी नव्या वेळेला लावून घेऊ.