लष्करी भेट म्हणजे मान्यता नव्हे

‘परदेशी लष्करी अधिकारी वादग्रस्त प्रदेशात जाऊन आला, म्हणजे त्याच्या देशाने तिथला दावा मान्य केला’ असा संदेश बरीच वर्षं फिरतो आहे. तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण मान्यता ही सरकारने जाणीवपूर्वक घेतलेली भूमिका असते. नुसत्या भेटीने ती मिळत नाही.

मग त्याच प्रदेशावर दावा सांगणारा दुसरा देश अशा भेटीचा निषेध का नोंदवतो? गप्प राहिलं तर पुढे तीच मूकसंमती ठरवली जाऊ शकते, म्हणून. हा निषेध बराचसा दप्तरी नोंदीसाठीच असतो. १९५९च्या अंटार्क्टिक करारात तर संशोधनाच्या मदतीला लष्करी माणसं चालतात, आणि कलम ४ नुसार तिथल्या वावराने कुणाचाही दावा बळकट होत नाही.

पडताळायचं तर फोटो बाजूला ठेवा. पाहुण्या देशाचं अधिकृत निवेदन आणि सरकारी नकाशे भेटीआधीचे व नंतरचे ताडून पाहा.