मुरलेला फलंदाज देऊन तरुण पिचर घेण्याचा सौदा : पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२० मध्ये मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतल्या बॉस्टन रेड सॉक्स संघाने आपला फलंदाज मूकी बेट्सला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे धाडायचं ठरवलं. बदल्यात जे मिळणार होतं त्यात मिनेसोटा ट्विन्सचा ब्रुस्डार ग्राटेरोल हा २१ वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, होता. ताशी १६० किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकणारा हा मुलगा, २०१६ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया होऊन सावरलेला. बातमी फुटली, बॉस्टनच्या चाहत्यांनी बेट्ससाठी हळहळ व्यक्त केली, आणि मग बॉस्टनच्या डॉक्टरांनी ग्राटेरोलचे वैद्यकीय कागद वाचले. सामन्याची सुरुवात करून लांब टाकत राहण्याचा भार हा हात पेलेल का, अशी शंका आली आणि ठरलेला सौदा मोडला. काही दिवसांनी तो नव्याने बांधला गेला तेव्हा बॉस्टनकडे आले ॲलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. पिचर एकही नाही. ग्राटेरोल वेगळ्या सौद्यातून डॉजर्सकडेच गेला आणि त्याच वर्षी बेट्सबरोबर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम लढत, जिंकला.

एका तरुण हाताच्या कागदांवरून इतका मोठा व्यवहार का अडावा, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

आधी तराजूच्या दोन पारड्यांत काय असतं ते पाहू. मेजर लीगच्या हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. धडधाकट फलंदाज त्यातले दीडशे खेळतो. सुरुवातीचा पिचर मात्र दर पाचव्या दिवशी उभा राहतो, म्हणजे हंगामात तीस-बत्तीस वेळा. पण तो उभा असतो त्या दिवशी सामना जवळजवळ त्याच्याच हातात असतो. फलंदाजाची कामगिरी वर्षानुवर्षं बऱ्यापैकी सारखी राहते आणि साधारण तिशीनंतर उतरणीला लागते. पिचरचा हात कधी दगा देईल याचा नेम नसतो. त्यामुळे असा सौदा करणारा संघ ठाऊक असलेली गोष्ट देऊन ठाऊक नसलेली गोष्ट विकत घेतो. हे शहाणपणाचं कधी ठरतं, यावर साठ वर्षं वाद चालू आहे.

वादाचं पहिलं मोठं उदाहरण ९ डिसेंबर १९६५ चं. सिनसिनाटी रेड्सने फ्रँक रॉबिन्सनला बाल्टिमोर ओरिओल्सला दिलं आणि मिल्ट पॅपस, जॅक बाल्डशून व डिक सिम्पसन हे तिघे घेतले. मेजर लीगमधल्या नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगपैकी नॅशनल लीगचा रॉबिन्सन १९६१ चा सर्वोत्तम खेळाडू. १९६५ च्या हंगामातसुद्धा त्याने ३३ होमरन (सीमेपार जाणारे फटके) मारले होते आणि ११३ धावा घडवल्या होत्या. पण तो तीस वर्षांचा होता, आणि रेड्सचे प्रमुख बिल डेविट यांच्या मते ते तीस ‘तरुण तीस’ नव्हतं. पॅपस २६ वर्षांचा, तोवर ११० सामने जिंकलेला. त्याला कच्चा म्हणता आलं नसतं. कागदावर हा सौदा मूर्खपणाचा मुळीच दिसत नव्हता: उतरणीला लागणारा फलंदाज द्यायचा, भरातला पिचर घ्यायचा.

पुढच्याच वर्षी रॉबिन्सनने .३१६ सरासरी (म्हणजे दर हजार संधींत ३१६ यशस्वी फटके), ४९ होमरन आणि १२२ धावा अशी तिहेरी कामगिरी केली. अमेरिकन लीगमध्ये तिन्ही बाबतींत तो पहिला आला, ओरिओल्सने वर्ल्ड सिरीज ४-० ने जिंकली, आणि दोन्ही लीगमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवणारा तो पहिला ठरला. त्या मे महिन्यात लुईस टियांटच्या चेंडूवर मारलेला त्याचा एक फटका मेमोरियल स्टेडियमच्या बाहेरच जाऊन पडला. चेंडू ज्या जागेवरून बाहेर गेला तिथे ‘इथे’ एवढाच इंग्रजी शब्द लिहिलेला झेंडा लावला गेला आणि संघ १९९१ नंतर ते मैदान सोडून जाईपर्यंत तो फडकत होता. पॅपसने रेड्ससाठी ३० जिंकले, २९ हरले आणि १९६८ च्या मध्यात तो अटलांटाला गेला.

यात पॅपसची चूक शोधणं मला पटत नाही. त्याची कारकीर्द २०९ विजयांची आहे, आणि ती कुणाही पिचरने अभिमानाने सांगावी अशीच. डेविट यांचा अंदाज चुकला तो फलंदाजाच्या वयाचा. या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं. चर्चा सगळी पिचरच्या हाताची होते आणि गणित चुकतं ते हातातल्या फलंदाजाबद्दल.

नेमकं उलटं घडलं १० डिसेंबर १९७१ ला. न्यूयॉर्क मेट्सची तिसऱ्या बेसची जागा संघ स्थापन झाल्यापासून कुणी टिकून सांभाळलेली नव्हती. ती भरायला त्यांनी कॅलिफोर्निया एंजल्सचा जिम फ्रेगोसी आणला. सहा वेळा ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी निवडलेला, पण शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळणारा. पायाच्या दुखण्याने गांजलेला त्याचा १९७१ चा हंगाम .२३३ सरासरीवर संपला होता. बदल्यात चार जण गेले, त्यात २४ वर्षांचा नोलन रायन. रायनचा वेग अफाट, पण दिशा हाताबाहेरची: १९७१ मध्ये १५२ डावांत ११६ फलंदाजांना त्याने फुकट पहिल्या बेसवर सोडलं होतं. त्यातच राखीव सैन्याच्या कामासाठी त्याला अधूनमधून संघ सोडून जावं लागे, त्यामुळे लय बसत नसे. मेट्सकडे टॉम सीव्हर आणि जेरी कूसमन होते. एक बेभरवशाचा पिचर गेला तर काय बिघडलं, असा तो विचार.

फ्रेगोसीचा अंगठा सराव शिबिरातच मोडला. त्याची सरासरी .२३२ राहिली आणि १९७३ च्या हंगामात मेट्सने त्याला टेक्सासला विकून टाकलं. रायन एंजल्सकडे गेला तिथे टॉम मॉर्गन हे पिचिंगचे प्रशिक्षक आणि जेफ टॉरबर्ग हा कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) त्याच्या मागे लागले. शरीर पुढे फेकण्याची घाई त्यांनी मोडून काढली. पहिल्याच वर्षी १९ विजय, ३२९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज). १९७३ मध्ये ३८३ स्ट्राइकआउट, हा आधुनिक काळातला विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. निवृत्तीपर्यंत ५,७१४. आणखी एक योगायोग सांगण्यासारखा: १९७९ मध्ये एंजल्सने पहिल्यांदा आपला विभाग जिंकला तेव्हा पिचर रायन होता आणि व्यवस्थापक जिम फ्रेगोसी.

रायनच्या सौद्याने पिढ्यान्‌पिढ्यांच्या जनरल मॅनेजरांच्या मनात भीती बसवली. ‘पुढचा रायन आपल्या हातून जाऊ नये’ ही ती भीती. पण मेट्स चुकले ते रायनची कुवत ओळखण्यात, असं मी म्हणणार नाही. वेग सगळ्यांना दिसत होता. चुकलं ते संयम संपण्यात, आणि आधीच दुखावलेल्या खेळाडूकडून नव्या जागेवर खेळण्याची अपेक्षा करण्यात.

त्या काळात वय हेच सगळं होतं, कारण खेळाडू संघाच्या मालकीचाच असे. करारातल्या रिझर्व्ह क्लॉजमुळे संघाने सोडेपर्यंत तो कुठे जाऊ शकत नव्हता. कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ मध्ये आपल्याला दुसऱ्या संघाला देण्याच्या सौद्याला नकार देऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, १९७२ मध्ये तो हरला. मग दोन गोष्टी सव्वा वर्षाच्या अंतराने घडल्या आणि दोन्हींचा संबंध डॉजर्सच्या पिचरांशी होता. सप्टेंबर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनच्या कोपरातला तुटलेला अस्थिबंध दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून नव्याने बांधला. जॉन १९७६ मध्ये परतला आणि कारकिर्दीतल्या २८८ पैकी १६४ विजय त्याने त्यानंतर मिळवले. आणि डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली या पिचरांना कुठल्याही संघाशी करार करायला मुक्त ठरवलं.

पहिल्या घटनेने मोडलेला हात पूर्वीसारखा कायमचा बाद राहिला नाही. दुसरीने तराजूत तिसरं वजन टाकलं: वर्षं. आजच्या व्यवस्थेत खेळाडू मेजर लीगमध्ये आल्यापासून सहा वर्षांची सेवा संघाकडे राहते. पहिली तीन बहुतेक किमान पगारावर, पुढची लवादाने ठरलेल्या पगारावर, मग तो मोकळा. त्यामुळे एका वर्षात मोकळा होणारा जबरदस्त फलंदाज आणि सहा वर्षं स्वस्तात मिळणारा तरुण पिचर यांची तुलना आता केवळ खेळाची उरली नाही.

नोव्हेंबर १९९३ चा डॉजर्सचा सौदा या दोन्ही धाग्यांना एकत्र आणतो. त्यांचा दुसऱ्या बेसवरचा खेळाडू जोडी रीड देऊ केलेला करार न स्वीकारता निघून गेला. जागा भरायला माँट्रियल एक्सपोजचा डेलिनो डीशील्ड्स हवा होता, वय २४, १९९३ ची सरासरी .२९५. एक्सपोजनी मागितला पेड्रो मार्टिनेझ. पेड्रो तेव्हा २२ वर्षांचा, अंगाने किरकोळ, आणि डॉजर्सकडे बहुतांशी मधल्या डावांत टाकणारा. एवढा सडपातळ मुलगा सुरुवातीच्या पिचरचा भार पेलणार नाही असं व्यवस्थापनाला वाटत होतं, आणि ही शंका खुद्द जोब यांनाही होती. पिचरांचे हात ज्यांनी इतरांपेक्षा जवळून पाहिले त्या माणसालाही इथे अंदाज आला नाही, हे लक्षात ठेवायला हवं. डीशील्ड्सने लॉस एंजेलिसमध्ये तीन हंगामांत .२५०, .२५६, .२२४ केलं. पेड्रोने १९९७ मध्ये १.९० ईआरए (दर नऊ डावांत पिचरने दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) आणि ३०५ स्ट्राइकआउटसह सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला. आणि मग एक्सपोजनी काय केलं? त्याचा पगार झेपणार नाही म्हणून त्याला बॉस्टनला दिलं, बदल्यात कार्ल पव्हानो आणि टोनी आर्मस ज्युनिअर हे दोन तरुण पिचर घेतले. त्या दोघांतून दुसरा पेड्रो निघाला नाही.

रायन आणि पेड्रो ही दोन नावं इतकी मोठी आहेत की बाकीचे विसरले जातात. जून १९८३ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने कीथ हर्नांडेझला मेट्सकडे दिलं ते नील ॲलन आणि रिक ओनबी या दोन तरुण पिचरांसाठी. मेट्सने १९८६ ची वर्ल्ड सिरीज हर्नांडेझच्या जोरावर जिंकली. ओनबीचं नाव आज कुणाला आठवतं? डिसेंबर २००७ मध्ये फ्लोरिडा मार्लिन्सनी २४ वर्षांचा मिगेल कॅब्रेरा डेट्रॉइट टायगर्सला दिला. मिळालेल्या सहा जणांत अँड्र्यू मिलर हा डावखुरा पिचर सर्वांत नावाजलेल्यांपैकी एक होता. २००८ मध्ये त्याचा ईआरए ५.८७ होता. तो पुढे खरोखर मोठा झाला, पण शेवटच्या डावांत टाकणारा म्हणून आणि दुसऱ्याच संघांकडे. कॅब्रेराने २०१२ मध्ये १९६७ नंतरची पहिली तिहेरी कामगिरी केली.

त्याच महिन्यात रेड्सने जॉश हॅमिल्टन टेक्सासला देऊन एडिन्सन व्होल्केझ घेतला. वर्षभराने निकाल लावायचा म्हटलं असतं तर बरोबरी म्हणावी लागली असती: व्होल्केझ १७ जिंकला, ६ हरला, हॅमिल्टनने १३० धावा घडवल्या. ऑगस्ट २००९ मध्ये व्होल्केझच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि २०१० मध्ये हॅमिल्टन अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मला स्वतःला सर्वांत बोलका वाटतो तो झॅक व्हीलरचा प्रवास. जुलै २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स गतविजेते होते, त्यांचा कॅचर बस्टर पोझी पाय मोडून बसला होता आणि फलंदाजी लंगडी झाली होती. त्यांनी मेट्सकडून ३४ वर्षांचा कार्लोस बेल्ट्रान घेतला आणि एकास एक असा २१ वर्षांचा व्हीलर दिला. बेल्ट्रान ४४ सामने खेळला, .३२३ सरासरीने. जायंट्स प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीला, पोहोचलेच नाहीत आणि हंगाम संपताच बेल्ट्रान मोकळा झाला. म्हणजे मेट्स जिंकले? व्हीलर २०१३ मध्ये आला, २०१४ मध्ये स्थिरावला, मार्च २०१५ मध्ये त्याचा कोपर गेला. २०१५ आणि २०१६ असे दोन्ही हंगाम बुडाले. सेवेची वर्षं मात्र दुखापतीतही मोजली जातात. सहापैकी दोन तिथेच गेली.

२९ जुलै २०१५ च्या रात्री मेट्सने बरा होत असलेला व्हीलर आणि विल्मर फ्लोरेस मिलवॉकीला द्यायचे ठरवले, फलंदाज कार्लोस गोमेझच्या बदल्यात. बातमी मैदानात सामना चालू असताना फ्लोरेसच्या कानावर आली आणि तो तिथेच उभा राहून रडला. हजारो प्रेक्षकांनी ते पाहिलं. वैद्यकीय कागदांवरून हाही सौदा मोडला, पण या वेळी शंका फलंदाजाबद्दल होती. दोन रात्रींनी फ्लोरेसने होमरन मारून सामना जिंकून दिला. व्हीलरने संघाला फोन करून इथेच राहायचं आहे असं कळवलं होतं. २०१९ नंतर तो मोकळा झाला, फिलाडेल्फियाने ११.८ कोटी डॉलर्सचा पाच वर्षांचा करार दिला आणि त्याची खरी भरभराट तिथे झाली. मेट्सने पिचर अचूक निवडला होता. हाताची सर्वांत चांगली वर्षं मात्र त्यांच्या वाट्याला आली नाहीत.

हे सगळं पचवूनच आजचे संघ एका कोवळ्या हातावर सगळं लावत नाहीत. एक तर मेजर लीगमध्ये सिद्ध झालेला पिचर मागतात. जानेवारी २०२३ मध्ये ट्विन्सनी अमेरिकन लीगचा फलंदाजीतला अव्वल लुईस अराएझ मायामीला देऊन पाब्लो लोपेझ आणि दोन होतकरू घेतले. अराएझने त्या वर्षी .३५४ केलं. लोपेझने २३४ स्ट्राइकआउट घेतले आणि ऑक्टोबरमध्ये ज्या सामन्याची सुरुवात केली त्यात ट्विन्सची प्लेऑफमधली सलग १८ पराभवांची मालिका संपली. दोन्ही संघ प्लेऑफला गेले. माझ्या मते अशा सौद्यांतला हा सर्वांत समंजस नमुना आहे.

नाहीतर एकाऐवजी अनेक हात घेतात. डिसेंबर २०२३ मध्ये एका वर्षाने मोकळा होणाऱ्या हुआन सोटोसाठी सॅन डिएगो पाद्रेसनी यांकीजकडून मायकेल किंग, ड्रू थॉर्प, जॉनी ब्रिटो आणि रँडी व्हास्केझ असे चार पिचर घेतले, शिवाय एक कॅचर. सोटोने ४१ होमरन मारून यांकीजना वर्ल्ड सिरीजपर्यंत नेलं आणि मग तो ७६.५ कोटी डॉलर्सना मेट्सकडे गेला. किंगने २०२४ मध्ये २.९५ ईआरए राखला. थॉर्पला पाद्रेसनी काही महिन्यांत शिकागो व्हाइट सॉक्सकडे वळवून डिलन सीज मिळवला, आणि सीजने २५ जुलै २०२४ ला नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही यशस्वी फटका मारू दिला नाही.

जून २०२५ मध्ये बॉस्टनने राफाएल डेव्हर्सला जायंट्सकडे धाडलं तेव्हा पैशाचं पारडंही उघड झालं. आलेल्या चौघांत काइल हॅरिसन हा २३ वर्षांचा डावखुरा पिचर होता, पण जायंट्सनी डेव्हर्सच्या कराराचे उरलेले २५ कोटींहून अधिक डॉलर्सही आपल्या अंगावर घेतले. हॅरिसनला बॉस्टनने लगेच मैदानात उतरवलं नाही. आधी वूस्टरला, मेजर लीगच्या खालच्या पायरीवरच्या आपल्या ट्रिपल-ए संघात पाठवलं.