सीपीयू कोण खातंय: विंडोजचं स्वतःचं काम की लपलेला मायनर?

कॉम्प्युटरवर कुणी काही करत नाहीये, तरी पंखा घरघरतोय आणि सीपीयू ८० टक्क्यांच्या वर. अशा वेळी काहीजण "विंडोज आहे, चालायचंच" म्हणून सोडून देतात. काहीजण घाबरून दिसेल ती प्रोसेस बंद करत सुटतात आणि अर्ध्यावर आलेल्या अपडेटचा विचका करतात. पहिल्या वागण्याने मायनर, म्हणजे तुमच्या मशीनवर चोरून डिजिटल चलन कमावणारा प्रोग्राम, महिनोन्‌महिने फुकट वीज वापरतो, दुसऱ्याने चांगलं मशीन बिघडतं. म्हणून विंडोजचं काम कोणतं आणि मायनर कोणता, हे ओळखायला शिकावंच.

घोटाळा होतो तो मुख्यतः वेळेवरून. विंडोजचं ऑटोमॅटिक मेंटेनन्स, डिफेंडर या विंडोजच्याच अँटीव्हायरसचं स्कॅन, सर्चचं इंडेक्सिंग (शोधासाठी फाइलींची यादी बनवणं) ही कामं मशीन रिकामं असताना सुरू होतात आणि तुम्ही परत आलात की बहुधा आवरती घेतात. मायनर लिहिणाऱ्यांनीही हीच पद्धत उचलली आहे. त्यामुळे 'माउस हलवला की पंखा शांत होतो, म्हणजे मायनर आहे' या सल्ल्यात मला तथ्य वाटत नाही. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

खरा फरक कळतो तो मायनरला काय लागतं हे पाहिलं की. असे मायनर बहुतेक वेळा मोनेरो हे क्रिप्टो चलन काढतात, म्हणजे गणितं सोडवून कमावतात. २०१४ मध्ये आलेलं हे चलन नोव्हेंबर २०१९ पासून रँडमएक्स नावाचा अल्गोरिदम वापरतं, आणि तो मुद्दाम साध्या प्रोसेसरवर चांगला चालेल असा रचलेला आहे. पूर्ण वेगाने चालायला त्याला २ जीबीहून थोडी जास्त मेमरी लागते. डिस्कवर त्याचं जवळपास कामच नसतं आणि इंटरनेटही नाममात्र लागतं, पण ते सतत लागतं. म्हणजे सीपीयूची रेषा उंचावर सपाट, डिस्क शून्याजवळ, नेटवर्कवर एक बारीकशी न तुटणारी धार.

विंडोजचं काम असं नसतं. अपडेट फाइली उतरवतं, उलगडतं, लिहितं. डिफेंडर आणि इंडेक्सर हजारो फाइली वाचतात. म्हणून सीपीयूबरोबर डिस्कही धावते, रेषा वरखाली होते, आणि मुख्य म्हणजे ते काम कधीतरी संपतं. मोठ्या अपडेटनंतर काही तास लागू शकतात, पण रोज, आठवडाभर, तसंच चालू राहिलं तर शंका घ्यायला हवी.

एक सोपी चाचणी आहे: इंटरनेट तोडा. मायनरला काम पूलकडून, म्हणजे अनेक मायनरना गणितं वाटून देणाऱ्या सर्व्हरकडून मिळतं. पूल तुटला की एक्सएमरिगसारखा मायनर थोड्या वेळात थांबतो. डिफेंडरचं स्कॅन मात्र नेट नसतानाही चालूच राहतं. ही चाचणी करताना पंख्याच्या आवाजाकडे कान ठेवा, कारण बरेच मायनर टास्क मॅनेजर उघडला की गप्प होतात. तो उघडताना सीपीयू क्षणभर उसळणं साहजिक आहे. पण तो उघडा असेपर्यंत पंखा शांत आणि बंद करताच पुन्हा घरघर, असं दर वेळी होत असेल तर विंडोजची सुटका झाली, संशय मायनरवर. ग्राफिक्स कार्ड असेल तर टास्क मॅनेजरचा जीपीयूचा रकानाही बघा, कारण काही मायनर तिथेच बसतात.

नावावर विसंबू नका. 'सर्व्हिस होस्ट' (विंडोजच्या सेवा चालवणारी प्रोसेस) हे नाव कुणीही लावू शकतं, पत्ता मात्र बघता येतो. प्रोसेसवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' घ्या. खरा सर्व्हिस होस्ट विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरात असतो (३२ बिटांच्या सेवांसाठी सिसवाऊ६४ मध्ये). अ‍ॅपडेटा किंवा टेम्पमधून चालणारा सर्व्हिस होस्ट खोटाच. प्रोग्रामडेटाबाबत मात्र घाई नको: डिफेंडरची 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' तिथल्याच मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरातून चालते. तिथे डिजिटल सही तपासा. काही मायनर तर अस्सल प्रोसेसच्या पोटात शिरतात, मग पत्ताही बरोबर दिसतो. अशा वेळी 'डीटेल्स'मध्ये कमांड लाइनचा रकाना जोडा. तिथे पूलचा पत्ता किंवा 'स्ट्रॅटम' (पूलशी बोलायची मायनरची भाषा) शब्द दिसला तर आणखी पुरावा नको.

माझ्या मते सगळ्यात पक्की खूण डिफेंडरच्या 'एक्सक्लूजन्स'मध्ये, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या गोष्टींच्या यादीत सापडते. विंडोजचं नेहमीचं काम स्वतःला स्कॅनमधून वगळा असं सांगत नाही, अपडेट बंद पाडत नाही, होस्ट्स फाइलमध्ये (साइटची नावं कुठे न्यायची ते ठरवणारी विंडोजची फाइल) अँटीव्हायरसच्या साइट अडवत नाही. मायनर हे करतात. अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीने २०२१ मध्ये उघड केलेला क्रॅकोनॉश हा मायनर क्रॅक केलेल्या गेममधून यायचा, डिफेंडर काढून टाकायचा आणि टास्कबारवर हिरव्या खुणेचं खोटं चिन्ह ठेवायचा. तुम्ही किंवा तुमच्या ऑफिसने टाकलेला नाही असा एक्सक्लूजन दिसला, विशेषतः पूर्ण सी ड्राइव्हचा, तर मायनर आहे असं समजूनच पुढे चला.

काढताना क्रम महत्त्वाचा. नुसती प्रोसेस मारून उपयोग नाही, राखण करणारी दुसरी प्रोसेस तिला परत उठवते. नेट तोडा, फाइलचा पत्ता टिपून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स हे टूल (आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी दाखवणारं) जवळ नसेल तर दुसऱ्या मशीनवरून पेन ड्राइव्हवर आणा. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवून शेड्यूल्ड टास्क, सर्व्हिसेस, लॉगऑन आणि डब्ल्यूएमआय हे टॅब बघा. डब्ल्यूएमआय ही विंडोजची अंतर्गत व्यवस्थापन यंत्रणा लोक विसरतात, आणि वॉनामाइन नावाचा मायनर नेमका तिथेच ठाण मांडून बसायचा. त्या पत्त्याकडे नेणाऱ्या नोंदी काढा. मग एक्सक्लूजन्स पुसा, कारण वगळलेल्या फोल्डरकडे डिफेंडर बघतच नाही. त्यानंतर पूर्ण स्कॅन आणि शेवटी डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन. ते विंडोज सुरू होण्याआधी चालतं, त्यामुळे मायनरला लपायची संधी मिळत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात. मग होस्ट्स फाइल साफ करा आणि अपडेट चालतंय का ते तपासा.

ज्या गेम किंवा अ‍ॅक्टिव्हेटरमधून हे आलं, तोही उडवा, नाहीतर पुढच्या वेळी चालवलात की पुन्हा तेच. डिफेंडर उघडतच नसेल, किंवा काढलेली नोंद परत परत उगवत असेल, तर वेळ न दवडता विंडोज नव्याने टाका. जुन्या डिस्कवरून कागदपत्रं आणि फोटो घ्या, इन्स्टॉलर घेऊ नका. आणि पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला: ज्या वाटेने मायनर आला, त्याच वाटेने पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही आलेला असू शकतो, आणि त्याच्यामुळे पंखा वाजत नाही.