सीमेवरची झडती : अमली पदार्थ ओळखण्याच्या साधनांची पार्श्वभूमी

अमली पदार्थांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवण्याची जबाबदारी राष्ट्रांनी कराराने स्वीकारली ती २३ जानेवारी १९१२ रोजी हेग येथे. तेथील अफू करारानंतर १९६१ चा एकल करार आला आणि तस्करीला थेट लक्ष्य करणारा व्हिएन्ना करार १९८८ मध्ये झाला. कोणते पदार्थ प्रतिबंधित आहेत हे अशा रीतीने ठरत गेले. परंतु नाक्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने ते ओळखायचे कसे, याचे उत्तर बराच काळ अधिकाऱ्याची नजर, खबऱ्याची माहिती आणि सामान उघडून घेतलेली झडती एवढ्यावरच थांबत असे.

या पद्धतीची मर्यादा १९६९ मध्ये उघड झाली. त्या वर्षी २१ सप्टेंबरला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या प्रशासनाने मेक्सिकोच्या सीमेवर ‘ऑपरेशन इंटरसेप्ट’ ही मोहीम सुरू केली आणि मुख्यतः गांजा रोखण्यासाठी सीमा ओलांडणाऱ्या वाहनांची सरसकट झडती घेण्याचा आदेश दिला. वाहने तासन्‌तास रांगेत खोळंबली, दोन्ही बाजूंच्या व्यापाऱ्यांचे नुकसान झाले, मेक्सिकोने तीव्र नाराजी कळवली आणि सुमारे तीन आठवड्यांत मोहीम आवरती घ्यावी लागली. एवढ्या खटाटोपाच्या मानाने हाती लागलेला माल मात्र थोडाच होता. या विषयाच्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत निर्णायक वाटतो, कारण प्रत्येकाला थांबवले तर सीमाच बंद पडते हे त्याने प्रत्यक्ष दाखवून दिले. पुढची जवळजवळ सगळी साधने न उघडता पाहण्याच्या आणि नेमके कोणाला थांबवायचे हे ठरवण्याच्या गरजेतून आली आहेत.

अमेरिकी सीमाशुल्क विभागाने १९७० मध्येच श्वानपथकाचा कार्यक्रम सुरू केला. श्वान अनेकदा मूळ द्रव्यापेक्षा त्यातून उडणाऱ्या बाष्पाचा माग घेतो : कोकेनच्या बाबतीत मिथाइल बेंझोएटचा, तर हेरॉइनच्या बाबतीत ॲसेटिक आम्लाचा. रांगेतील वाहनांजवळून काही क्षणांत फिरून येणारे असे दुसरे साधन आजही सहज मिळत नाही, मात्र श्वान थकतो आणि शिकवलेल्या गंधांपुरताच उपयोगी पडतो. सापडलेली भुकटी तपासण्यासाठी रंगचाचण्या होत्याच. १८९६ च्या सुमारास वापरात आलेले मार्की अभिकारक हेरॉइनशी जांभळा रंग देते. पण असे रंग इतर पदार्थांशीही येऊ शकतात, म्हणून ही चाचणी संशय बळकट करते; अंतिम निर्णय प्रयोगशाळेचाच असावा लागतो आणि तेथे घाई केल्यास निरपराध माणूस अडकतो.

समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची अडचण वेगळी होती. १९५६ मध्ये माल्कम मॅकलीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ कंटेनर वाहून नेले आणि त्यानंतर जगाचा व्यापार बंद पेट्यांतून होऊ लागला. १९९० च्या दशकात सीमांवर मोठी क्ष-किरण आणि गॅमा-किरण यंत्रे आली, ज्यांतून अख्खा मालट्रक न उघडता पाहता येऊ लागला. मात्र अमली पदार्थ सेंद्रिय असल्याने खाद्यपदार्थांच्या पोत्यांत ते सहज मिसळून जातात आणि प्रतिमा वाचणारा डोळा शेवटी माणसाचाच असतो. त्यामुळे कागदपत्रे, मार्ग आणि निर्यातदाराची पूर्वपीठिका पाहून संशयास्पद कंटेनर आधीच निवडण्यावर भर वाढला. संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय आणि जागतिक सीमाशुल्क संघटना यांनी २००४ मध्ये सुरू केलेला कंटेनर नियंत्रण कार्यक्रम याच विचारावर उभा आहे.

फेंटानिलने हे गणित पुन्हा बदलले. पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास तयार झालेले हे वेदनाशामक अवघ्या २ मिलिग्रॅममध्ये प्राणघातक ठरू शकते, त्यामुळे टपालाच्या पाकिटात मावेल एवढा मालही तस्कराला पुरतो. क्ष-किरण प्रतिमेत एवढी मात्रा दिसणे कठीण, शिवाय पाकीट उघडणाऱ्याच्या जिवाची काळजी वेगळीच. म्हणून दोन तंत्रे पुढे आली. आयन गतिशीलता मापनात पृष्ठभागावरून पुसलेला बोळा तापवतात आणि सुटलेल्या बाष्पापासून बनवलेले आयन म्हणजे विद्युतभारित कण विद्युत क्षेत्रातून किती वेळात सरकतात यावरून काही सेकंदांत पदार्थ ओळखतात; ही पद्धत इतकी संवेदनशील आहे की निव्वळ स्पर्शाने लागलेला अंशही ती पकडते. दुसरे तंत्र चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या प्रकाश-विकिरणाच्या परिणामावर आधारलेले आहे. हातात धरता येणारे रामन यंत्र पारदर्शक पिशवी न उघडताच आतल्या भुकटीचा वर्णपट घेते, पण भेसळीत फेंटानिलचे प्रमाण अगदी कमी असेल तर इतर द्रव्यांच्या वर्णपटाखाली ते झाकले जाते.

दोन्ही यंत्रे मिळालेली खूण साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतात, म्हणजे जे संग्रहात नाही ते त्यांना नावाने ओळखता येत नाही. नायटाझीन गटातील ओपिऑइड, म्हणजे अफूसारखा परिणाम करणारी द्रव्ये, गेल्या काही वर्षांत बेकायदेशीर बाजारात आल्यावर ही उणीव प्रकर्षाने जाणवली. अमेरिकेत जानेवारी २०१८ मध्ये संमत झालेल्या ‘इंटरडिक्ट’ कायद्याने सीमा यंत्रणेला रासायनिक तपासणीची साधने पुरवण्याची तरतूद केली. त्याच कायद्यात, चाचण्यांचे निष्कर्ष समजावून सांगण्यासाठी कामकाजाच्या सर्व वेळी शास्त्रज्ञ उपलब्ध असावेत, अशीही तरतूद आहे.